रंगाची जात विचारणाऱ्यांना

नंदुरबार जिल्ह्यातल्या चित्रकाराने काय काढावे, हे त्याने ब्रश उचलायच्या आधीच ठरून गेलेले असते. जिल्हा आदिवासी, म्हणून चित्रही आदिवासी पाहिजे. रंग गेरू, चुना, हळद आणि काजळीचे पाहिजेत. विषय होळीचा, ढोलाचा, मोराचा, फार तर सातपुड्याच्या डोंगराचा. याऐवजी शहाद्याच्या किंवा धडगावच्या एखाद्या पोराने ॲक्रिलिकचा डबा उघडून ओळखीची एकही वस्तू नसलेले चित्र काढले, तर दोन वाक्ये तयार असतात: ‘हे तुझ्या मातीतले नाही’ आणि ‘हे कुणाला कळणार?’ पहिले वाक्य संस्कृतीचा कळवळा असलेले लोक म्हणतात, दुसरे घरचे. घरच्यांचे मी समजू शकतो. पहिल्याशी मात्र माझे भांडण आहे, कारण ते विद्वत्तेचा आव आणून बोलले जाते आणि त्याच्या पोटातल्या बहुतेक समजुती तपासल्यावर टिकत नाहीत.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे ही वादातली जुनी लबाडी, ती टाळू. तो पुऱ्या ताकदीनिशी मांडला तर असा: अमूर्त चित्र युरोपात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कांडिन्स्की, मालेविच, मोंद्रियान यांच्या हातून आकाराला आले. आपल्याकडे ते १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलच्या जिन्यावरून आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या वाऱ्या करून आलेल्यांच्या सामानातून आले. तेलरंग आणि ॲक्रिलिकही त्याच सामानातले. उलट आदिवासी चित्रात माध्यम हे नुसते साधन नसते. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूरच्या राठवा घरांत पिठोरा लिहितात, तेव्हा कुमारिका भिंत सारवतात, रंगाची भुकटी दुधात आणि मोहाच्या दारूत कालवली जाते, आणि हे सगळे देवकार्यच असते. माध्यम बदलले की चित्र बदलते. बाजारातल्या पोस्टर रंगांनी लोकचित्रे भडक करून टाकली, हे तर डोळे उघडे असलेल्या कुणालाही दिसते.

यातले एक विधान मला पूर्ण मान्य आहे. माध्यम बदलले की चित्र बदलतेच. माझा सगळा युक्तिवाद त्याच खुंटीला टांगलेला आहे. पण त्यातून ‘म्हणून अमक्या गावच्या माणसाने अमकेच माध्यम वापरावे’ हा निष्कर्ष कसा निघतो, ते मला आजवर कुणी दाखवलेले नाही.

गेरूपासूनच सुरुवात करू, कारण ‘आपल्या मातीचा रंग’ म्हणून पहिला मान त्याचा. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. घरांच्या जुन्या लाल कोब्यात घातलेला आणि लोखंडी ग्रिलला पहिला हात म्हणून मारलेला रेड ऑक्साइडही लोहाचेच ऑक्साइड. एक डोंगरातून खणलेला, दुसरा कारखान्यात तयार केलेला. रंग देणारे द्रव्य एकच. मग दोन्ही सारखेच का? नाहीत, आणि चित्रकाराला रस आहे तो याच फरकात. खाणीतल्या गेरूत माती असते, त्याचे कण लहानमोठे असतात, म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत आणि निस्तेज दिसतो. कारखान्यातला रंग एकसारख्या बारीक कणांचा, म्हणून तो सपाट आणि जड बसतो. फरक कणांचा आहे. त्यात संस्कृती शोधणाऱ्याने आधी चाळणी हातात घ्यावी.

‘विदेशी’ तेलरंगाचे तर याहून मजेदार. तेलरंगात रंगाची भुकटी धरून ठेवते ते तेल मुख्यतः जवसाचे. ज्या जवसाची चटणी खानदेश-विदर्भात भाकरीबरोबर खातात, तेच. हवेतला प्राणवायू घेऊन ते सुकते, घट्ट होते, आणि रंगाला आत खोली देते. या तेलाने चित्र रंगवण्याची युक्ती युरोपची, असे आपण शाळेपासून ऐकतो. २००८ मध्ये अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहाचित्रांची रासायनिक तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात सातव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रंगवलेल्या काही बौद्ध गुहांत सुकणारे तेल वापरल्याचे आढळले. युरोपातल्या तेलरंगाच्या प्रसिद्धीच्या कित्येक शतके आधीची ही गोष्ट. मी यातून ‘तेलरंग आमचाच’ असा झेंडा रोवणार नाही. असले झेंडे रोवणारे लोक वेगळे आणि पुष्कळ आहेत. सांगायचे एवढेच, की माध्यमाचे मूळ गाव शोधायला निघालेला माणूस कुठल्या गावी पोचेल याचा नेम नसतो.

अजिंठ्याचे पाहा. भारतीय चित्रपरंपरेचा दाखला द्यायचा झाला की बोट आधी तिकडे जाते. तिथले लाल-पिवळे रंग मातीचे, काळा काजळीचा, हिरवाही खनिज मातीचा. पण नंतरच्या काळातल्या चित्रांमधला निळा लाजवर्दी दगडाचा आहे, आणि तो दगड बदख्शानच्या खाणींतला, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातला. वाघुरेच्या काठी बसलेल्या त्या चित्रकाराला कुणी म्हणाले असेल का, की बाबा रे, हा निळा तुझ्या मातीतला नाही? म्हणाले असेल तर बरे झाले, त्याने ऐकले नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्मळ आणि रासायनिक म्हणजे बाटलेला, ही समजूत त्याहून कच्ची. पोथीतली चूक झाकायला लेखनिक जे हरताळ फाशीत ते आर्सेनिकचे संयुग. लघुचित्रांतला हिंगूळ पाऱ्याचा. दोन्ही परंपरागत, दोन्ही जालीम. आणि पिठोऱ्याच्या रंगात दूध का घालतात? त्यामागचे देवकार्य मी नाकारत नाही. पण दुधातले केसीन हे प्रथिन रंगाला भिंतीशी बांधून ठेवते, हेही तितकेच खरे आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत हेच केसीनचे रंग नळ्यांत भरून चित्रकारांना विकले जात. राठवा घरात पिठोरा लिहिणारा लखारा आणि न्यूयॉर्कचा चित्रकार एकाच प्रथिनावर विसंबून होते, याची दोघांनाही कल्पना नसावी.

आता ॲक्रिलिककडे. त्याच्यावर राग जास्त, कारण तो सर्वांत नवा. कलावंतांसाठीचे ॲक्रिलिक रंग बाजारात आले तेच मुळी १९५० च्या आगेमागे. पॉलिमरचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, पाणी उडाले की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्याने विरघळत नाही. एवढाच त्याचा स्वभाव. तो प्लॅस्टिकचा आहे हे खरे. पण गेरूत फेव्हिकॉल कालवून ‘पारंपरिक वारली’ शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली चालतात, आणि फेव्हिकॉल हाही पॉलिमरच. म्हणजे हरकत प्लॅस्टिकला नाही, डब्यावरच्या लेबलला आहे.

वारलीचे नाव निघालेच आहे म्हणून. पालघर-डहाणूच्या वारली घरांतली लग्नाच्या वेळी लिहायची चित्रे आज महाराष्ट्रभर शाळा, बसथांबे, विश्रामगृहे आणि कुंपणभिंतींवर दिसतात. त्रिकोणी धडाची ती माणसे ‘आदिवासी’ या शब्दाचा शिक्का झाली आहेत. नंदुरबार हा भिल्ल, पावरा, मावची, गावित, कोकणी यांचा जिल्हा. तिथे पालघरची बाहुली भिंतीवर चढवणाऱ्याला ती ‘इथल्या मातीतली’ वाटते आणि तिथल्याच पोराचे अमूर्त चित्र परके वाटते. जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी भिंतीवरचे ते चित्र कॅनव्हासवर आणले, ते शेणाच्या अस्तरावर ॲक्रिलिकने. परंपरेच्या सर्वांत मोठ्या नावाला ज्या डब्याचा संकोच वाटला नाही, त्याचा संकोच परंपरेच्या राखणदारांना का वाटावा?

म्हसे ॲक्रिलिककडे वळले त्याचे कारणही साधे आहे. सारवलेल्या भिंतीवरचे चित्र टिकायसाठी नसतेच. पाऊस येतो, भिंत पोपडते, पुन्हा सारवतात, पुन्हा लिहितात. ते चित्र कागदावर आणि कॅनव्हासवर आले, मुंबई-दिल्लीला प्रवास करू लागले, गुंडाळले जाऊ लागले, तेव्हा नुसत्या शेणामातीचे अस्तर तडकायला लागले. न तडकणारा, वाकणारा बंधक हवा होता. चित्राचा पत्ता बदलला म्हणून रंग बदलला. कलावंत बिघडला म्हणून नव्हे.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती भोपाळची अदलाबदल. भूरीबाई झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या, भिल्ल. घरच्या भिंतीवर त्या गेरू, चुना, पानांचा हिरवा अशा रंगांनी चित्रे काढत. १९८२ मध्ये खुल्या झालेल्या भारत भवनाच्या बांधकामावर त्या मजुरी करत होत्या, तेव्हा तिथल्या रूपंकर विभागाचे प्रमुख जगदीश स्वामिनाथन यांनी त्यांना कागद आणि बाजारचे रंग दिले. पुढे ॲक्रिलिक त्यांच्या हाती पूर्ण बसला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि स्वामिनाथन? ‘ग्रुप १८९०’ या कलावंत-गटाचे अध्वर्यू, १९६३ च्या दिल्लीतल्या त्या गाजलेल्या प्रदर्शनामागचे डोके, आधुनिकांतले आधुनिक. त्यांनी अखेरच्या वर्षांत चिनीमातीसारख्या गुळगुळीत रंगांचे पक्षी-पर्वत सोडून मातीचे रंग धरले, वाळू मिसळली, त्रिकोण आणि आदिम खुणांची चित्रे केली. भिल्ल बाई डब्याकडे गेली, महानगरातला चित्रकार मातीकडे गेला. दोघेही आपापल्या चित्राची गरज ओळखून गेले. ‘ज्याचे त्याने वापरावे’ हा नियम लावला असता तर दोघांचेही उत्तम काम झाले नसते.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल, की मी आता अमूर्ताच्या बाजूचा नेहमीचा हुकमी एक्का टाकणार: ‘अमूर्त तर आपल्याकडे आधीपासूनच होते.’ हा एक्का नंदुरबारमध्ये टाकायला फार सोपा आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या प्रकाशे गावी पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी १९५५ च्या सुमारास उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाणयुगाची वस्ती सापडली, माळवा आणि जोर्वे पद्धतीची भांडी सापडली: तांबूस अंगावर काळ्या रंगाने काढलेल्या तिरक्या रेघा, जाळ्या, त्रिकोण, चौकटी. तीन हजार वर्षांहून जुनी ही खापरे. त्याच तापीकाठच्या सावळद्यावरून नाव पडलेल्या त्याहून जुन्या भांड्यांवर बाणाची टोके आणि मासे ओळखू येतात. जोर्वे भांड्यांवर मात्र मुख्यतः भूमितीचेच राज्य. मग काय, मालेविचच्या काळ्या चौकोनाला आपण तीन हजार वर्षांनी मागे टाकले असे जाहीर करून मोकळे व्हावे.

मी तसे करणार नाही, कारण ही मित्रपक्षाची चूकही तितकीच ठोकायला हवी. प्रकाशेच्या कुंभारासाठी त्या जाळीचा अर्थ काय होता, हे खापर सांगत नाही. ती नुसती शोभा असेल, शेताची, पाण्याची किंवा कुळाची खूण असेल. अर्थ हरवलेली खूण आपल्याला अमूर्त दिसते. ती काढणाऱ्यालाही ती अमूर्त होती असे मानणे म्हणजे आपले अज्ञान त्याच्या नावावर जमा करणे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीचेही तेच. तिथे व्रत पाळणारे पुरुष अंगाला राख फासतात, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची आणि रेघांची नक्षी काढतात, कमरेला सुकवलेले भोपळे आणि घुंगरू बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवतात. छायाचित्रकारांची तिथे झुंबड असते, आणि मग ‘जिवंत अमूर्त चित्र’ अशा ओळीसकट ती छायाचित्रे फिरतात. ते ठिपके ज्याच्या अंगावर आहेत त्याच्या दृष्टीने त्यात अमूर्त काहीही नाही. ते नवसाचे आहेत, ते कुणासमोर आणि का नाचायचे हे त्याला नीट ठाऊक आहे. भिल्ल चित्रांतले ठिपके म्हणजे मक्याचे दाणे, असेही सांगितले जाते. त्या दाण्यांना ‘शुद्ध आकार’ म्हणणे ही आणखी एक वसाहतच झाली, फक्त या खेपेला कौतुकाची.

म्हणून अमूर्ताचा बचाव मला पूर्वजांच्या खापरांवर उभा करायचा नाही. त्याचा बचाव करायला त्याचे स्वतःचे काम पुरेसे आहे. ते काम कसे चालते हे एका चित्रकाराच्या हातातून पाहणे बरे.

वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४, नागपूर. घराणे गोव्याचे, वाढले गिरगावच्या चाळीत. सामान्य वाचकाला त्यांचे नाव ठाऊक असते ते डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या चित्राला तेवीस कोटींच्या वर किंमत आली म्हणून, आणि तिथेच तो वाचक वैतागून थांबतो. त्याने जरा पुढे यावे. जे. जे. मध्ये गायतोंडे जगन्नाथ अहिवासींच्या भारतीय शैलीच्या वर्गात शिकले. लघुचित्रांचे सपाट रंग, भित्तिचित्रांची रेषा, पाण्याचे रंग हे सगळे त्यांनी हाताखालून घातले. सुरुवातीच्या त्यांच्या चित्रांत माणसे आहेत, आणि ती माणसे लघुचित्रांतून चालत आल्यासारखी वाटतात. म्हणजे ‘परंपरा माहीत नाही म्हणून अमूर्त’ हा आरोप त्यांच्यावर करता येत नाही. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क मुक्कामाच्या आधीच त्यांच्या चित्रांतून वस्तू जवळजवळ नाहीशी झाली होती, हेही ‘सामानातून आले’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

मग ते तेलरंगाकडे का गेले? प्रतिष्ठेसाठी गेले असे म्हणणाऱ्याने त्यांची पद्धत पाहावी. रंग पातळ करून ते रोलरने थर देत. ओल्या रंगावर कागदाचे फाडलेले तुकडे ठेवून दाब देत, मग ते उचलत. काही रंग कागदाबरोबर निघून जाई, काही मागे राही. जे उरे त्यातून तो अंधुक उजेड तयार होई, ज्याच्यासमोर माणसे उभी राहतात. या पद्धतीला काय लागते? असा रंग, जो तासन्‌तास ओला राहतो, एकावर एक पारदर्शक चढतो आणि अर्धवट उचलला तरी फाटत नाही. ॲक्रिलिक तोवर सुकून गेला असता. गेरू डिंकात कालवलेला असता तर कागदाबरोबर भुकटी निघाली असती. गायतोंड्यांचे चित्र तेलरंगातच शक्य होते. उलट स्वामिनाथनांची अखेरची चित्रे चकचकीत तेलरंगात केली असती तर मेली असती. त्यांना प्रकाश गिळणारा, कोरडा पृष्ठभाग हवा होता.

त्यांच्यानंतरच्या पिढीतले चित्रकार प्रभाकर बरवे अलिबागजवळच्या नागावचे. विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत बनारसला गेले, तिथे तंत्रचित्रांच्या संपर्कात आले, आणि पुढे त्यांनी वापरला कोणता रंग? एनॅमल. दारे-खिडक्या रंगवायचा, हार्डवेअरच्या दुकानातला. त्यांच्या चित्रांतल्या वस्तू पोकळीत तरंगत असल्यासारख्या वाटतात. त्यात त्या निर्विकार, सपाट, ब्रशचा माग न ठेवणाऱ्या एनॅमलचा मोठा वाटा आहे. आणि सय्यद हैदर रझा नर्मदेच्याच वरच्या खोऱ्यात, मंडला जिल्ह्यात वाढले. पॅरिसमध्ये राहून त्यांनी बिंदू रंगवला तो बराचसा ॲक्रिलिकमध्ये. कुणाचे माध्यम कुठले, याचा जन्मगावाशी मेळ लावत बसलात तर हाती गोंधळाशिवाय काही लागत नाही. चित्राशी मेळ लावून पाहा, लगेच लागतो.

माझे मंडन एवढेच: माध्यमाची निवड हा चित्राच्या आतला निर्णय आहे, ती ओळखपत्रावरची नोंद नाही. तापीच्या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तिथे ॲक्रिलिक पॅलेटवरच पापुद्रा धरतो. खाली ओला कागद ठेवावा लागतो किंवा झपाट्याने काम उरकावे लागते, आणि त्या झपाट्याने रेषेचा स्वभाव बदलतो. तेलरंग मुंबईच्या पावसाळ्यापेक्षा इथल्या वैशाखात लवकर सुकतो. डिंकात कालवलेला गेरू फिकट आणि धुळकट दिसतो. तोच गेरू ॲक्रिलिकच्या बंधकात घातला की गडद, ओला भासणारा लाल होतो, पण कणांचा खरखरीतपणा शाबूत राहतो. एकाच चित्रात दोन्ही वापरले तर एकाच मातीचे दोन लाल शेजारी बसतात. सातपुड्यातल्या चित्रकाराला कुणी सांगण्यासारखे असेल तर हे सांगावे. त्याच्या जातीचा आणि त्याच्या रंगाचा मेळ बसतो की नाही याची चौकशी जनगणनेवर सोडावी.

उरली घरच्यांची हरकत: ‘कुणाला कळणार?’ ती मी सुरुवातीला सोडून दिली होती, पण तिच्यातही एक गंमत आहे. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांना बसणारी शाळकरी मुले खेड्यापाड्यांत भेटतात. त्यांत स्मरणचित्राचा पेपर वेगळा आणि संकल्पचित्राचा वेगळा. संकल्पचित्रात आकारांची मांडणी, तोल, रंगसंगती यांना गुण मिळतात. त्रिकोण कशाचा आहे, असे परीक्षक विचारत नाही. मुलाची आईही विचारत नाही, ती फक्त म्हणते, छान जमलेय, बाहेर रंग गेला नाही. तेच पोर पंचविशीत मोठ्या कॅनव्हासवर तसाच आकार मांडू लागले की सगळ्यांना एकदम प्रश्न पडतो, की हे आहे काय.